कॅलिपर आणि माहेरची साडी

लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या उजव्या मांडीत ताकद नाही. भार दिला की गुडघा दुमडतो. म्हणून मी कॅलिपर वापरतो: बुटाच्या टाचेपासून मांडीपर्यंत दोन पोलादी कांबी, पायाला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. वजन पावणेदोन किलो. तो घातला की काठी टेकत गारखेड्याच्या बाजारात जाऊन येतो. काढला की भिंत धरूनही उभं राहता येत नाही.

पण कॅलिपर म्हटलं की बूट आलाच, आणि लोकांच्या घरात बूट घालून कसं जायचं? हळूहळू मी कुणाकडे जाणं सोडलं. बोलावणारेही कमी झाले.

धाकट्या बहिणीची देवगाव रंगारीला वास्तुशांत निघाली, तेव्हा मात्र जायचंच होतं. पूजेला बसलेल्या बहिणीला माहेरची साडी भावानं स्वतःच्या हातानं द्यायची असते, आणि तिला भाऊ मी एकटाच. मी दुसरा बूट करून घेतला, रस्त्याला न लागलेला. तिच्या दाराशी पायरीवर बसून तो कांबींना अडकवला. आत पाटावर बसलेली बहीण मान वळवून माझ्याकडं पाहत होती.

तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या.

"भाऊ, राग नका मानू. बूट नवा हाय, दिसतंय. पर पट्टे चामड्याचे हायेत ना?"

"व्हय."

"मग पूजेत नाय चालायचं. पोरं उचलून नेतील तुम्हाला. लई वजन नाय तुमचं."

दारातल्या बायका हसल्या. सासूबाईंचं चुकत नव्हतं. आमच्याकडंही पूजेत चामडं नेत नाहीत. बुटाचा विचार मी महिनाभर केला, पट्ट्यांचा केलाच नाही. पण पंचेचाळिसाव्या वर्षी, सगळ्या पावण्यांसमोर, कडेवर बसून बहिणीला साडी द्यायची?

"नको," मी म्हणालो. साडी सासूबाईंच्या हाती दिली.

जेवणं झाल्यावर बहीण ती साडी नेसून बाहेर आली. पायरीवर शेजारी बसली.

"जेवलास का, दादा?"

"जेवलो."

"रंग चांगलाय."

"दुकानदारानं दोन दाखवले होते."

आतून तिला हाक आली. "बस, आलेच," म्हणून ती गेली.

शेवटच्या बसला अजून वेळ होता. तरी मी कठडा धरून उठलो. पाय सरळ झाला की कॅलिपरचा गुडघ्याजवळचा खटका टक्कन बसतो, तसा बसला. दारातल्या चपलांतून वाट काढत मी स्टँडकडं निघालो.