ओली पानं

यंदा, शहाऐंशीच्या तेंदू हंगामात, तिसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, आमच्या शेजारच्या बाईची झोपडी वनरक्षकानं पेटवली. पानं तोडायला निघालेली बाई पाण्याचा तुंबा विसरला म्हणून परतली आणि तिनं त्याला काडी टाकताना पाहिलं. तेव्हापासून ती आमच्या पडवीत राहते.

मी पत्रकं लिहिणारा. एका बैठकीत एक पत्रक, हीच सवय. पण पत्रकात लोक भजी बांधतात. म्हटलं, यावर कादंबरीच लिहायची, तीही एका दमात. आठवडाभरात चाळीस पानं झाली. नुसती आरडाओरड. बाई त्यात कुठंच नव्हती.

ती पडवीत तेंदूचे पुडे बांधत होती. "किती पानं झाली, भाऊ?"

"चाळीस."

"चाळिसात तर पुडाबी होत नाई! सत्तर लागते." ती हसली, मग हसू ओसरलं. "तोडता तोडताच पोतं भरून राह्यला काऊन? आधी तोड, मंग बांध, मंग उन्हात घाल, पलटव. ओलं पान पोत्यात गेलं का काळं पडते."

चाळीसही पानं मी फाडली. आता आधी फक्त तिचं बोलणं टिपायचं. मग छोट्या वहीच्या सत्तर पानांचा एक पुडा, त्यात फक्त ती सकाळ. मग चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तिला वाचून दाखवायचा.

पुडा वाळत होता. चहाच्या टपरीवर वनरक्षक माझ्या बाकावर येऊन टेकला.

"लेखकसायेब, कादंबरीत माह्यं नाव काय ठेवलं?"

बाईखेरीज मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"बाईले विचारून घ्या," तो म्हणाला. "ती म्हणते, चुलीचीच ठिनगी उडाली."

घरी आलो. बाई पडवीत बसली होती, अंगठा निळा.

"कोरा कागद होता, भाऊ. म्हने, अंगठा दे, नाई तर तुही पानं कोनी घेनार नाई." मग म्हणाली, "आता तुहं पुस्तक लबाड झालं का?"



बुधवारी चामोर्शीला या आगीची चौकशी आहे. त्या कोऱ्या कागदावर आता काय लिहिलंय, तिला ठाऊक नाही. माझा पुडा तोवर वाळत नाही, म्हणून ही ओली पानंच तुमच्या हाती देतोय. पोत्यात घालू नका. बुधवारी या, तिच्या मागं उभे राहा, आणि तो कागद तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावा.