पाळकसाहेब, दोघं राहिले

माझी ताई पडदे शिवते. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या टेबलावर अंथरायची पांढरी कापडं बावीस वर्षं तीच धूत आली. कापडं दोन, एक टेबलावर, एक तिच्या घरी. इतक्या वर्षांत कुणी आभाराचा शब्द काढला नाही, पण घडी जरा वाकडी पडली की चर्चचा सेक्रेटरी सांगायला हजर!

भावोजींना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या उपासनेला तिचा मुलगा आला, सोबत त्याचा जोडीदार. सात वर्षं दोघं एकत्र राहतात. भावोजींच्या आजारपणात उशापायथ्याशी तेच दोघं होते, चर्चचा एक माणूस फिरकला नव्हता. चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या पावाचे तुकडे घेऊन रांगेतून आले आणि ताट या दोघांच्या डोक्यावरून सरळ पलीकडच्या माणसापुढे धरलं.

ताई उभी राहिली. "पाळकसाहेब, दोघं राहिले."

ते पुढे गेले. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. माना सगळ्यांच्या खाली. मग तिने दोघांचे हात धरले आणि बाहेर पडली. मी मागोमाग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आजही ती पुरती उतरलेली नाही.

भाचा म्हणाला, "आई, तू जात जा हवं तर. माझं आणि देवाचं आता संपलं."

तो देवाशी भांडला असता तर तिला चाललं असतं. संपलं म्हणाला, ते तिला लागलं. तिने रविवारी आपलं पडद्यांचं दुकान उघडलं, कापड बेतायच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या, घरचं पांढरं कापड अंथरलं. येईल त्याने यावं. पाळक कुणी नाही. नियम एकच, पाव आपल्या हाताने घ्यायचा नाही, शेजाऱ्याने मोडून द्यायचा.

पहिल्या रविवारी नवऱ्याने टाकलेली नर्स आली, बसचा ड्रायव्हर आला. प्रार्थना झाली, सगळ्यांनी डोळे मिटले आणि तसेच बसून राहिलो. जन्मभराची सवय, कुणीतरी झगेवाला येऊन सुरू करेल! वीस मिनिटांनी ड्रायव्हर म्हणाला, "अहो, कुणीतरी हात लावा. माझी ड्युटी आहे."

भाचा खुर्च्या उचलायला यायचा. पाव आला की म्हणायचा, "मला नको," आणि जोडीदार हात लांब करून पलीकडच्याला द्यायचा. चार महिने हेच चाललं. दर वेळी ताईचं लक्ष त्याच्या हाताकडे.

एका रविवारी जोडीदाराने दिलेला पाव त्याने घेतला. खाल्ला. मग पुढच्यासाठी तुकडा मोडला, तोच दार ढकलून सेक्रेटरी आत आला आणि भाच्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहिला. भाच्याने तुकडा त्याच्यापुढे धरला. "घ्या, काका."

सेक्रेटरीने त्या हाताकडे पाहिलं, स्वतःचे हात पाठीमागे नेले. "मी कापड न्यायला आलोय. ते चर्चचं आहे."

अरे माणसा, पाव घेतला असतास तर काय हात झडला असता? मी उठलेच होते, नर्सने मला खाली ओढलं. भाच्याचा हात तसाच पुढे, चेहरा पांढराफटक. आता हा उठतो आणि पुन्हा येत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ताईने पावाचं ताट उचललं, कापड ओढून काढलं आणि चुरगळलेलंच सेक्रेटरीच्या छातीवर दाबलं. "बावीस वर्षं मी धुतलं. आता तुम्ही धुवा."

तो गेला. ताट तिने उघड्या लाकडावर ठेवलं, टेबलाला वळसा घालून भाच्याशेजारच्या त्या खुर्चीत बसली आणि हात पुढे केला.

"दे रे. मी कधीची थांबलेय."

त्याने दिला.