मुकादम डॉक्टरांचा अरफज

हिवाळ्यात बरा पाऊस झाला, की मार्चमधल्या एखाद्या शुक्रवारी मुकादम डॉक्टर आम्हा मराठी नर्सना गाडीत घालून सौदीतल्या आमच्या अबकैक गावाबाहेर नेत. पुढे त्यांच्या पत्नी नफीसाभाभी बसलेल्या असत. माळावर गुडघाभर उंचीची झुडपं बारीक पिवळ्या फुलांनी भरलेली असत. तो अरफज. एरवी त्याच्या नुसत्या वाळल्या काटक्या दिसत.

"तोडायचं नाही हं," डॉक्टर दटावत. "उंटांचं जेवण आहे ते."

भाभी तरीही एक फूल चुरगळून हुंगत. "आमच्या दापोलीच्या सड्यावरची सोनकीच गो ही!"

"हिला सगळीकडे दापोलीच दिसते," डॉक्टर म्हणत आणि गाडीतून उतरून त्यांच्याशेजारी उभे राहत.

वॉर्डात माणूस कडक. मला घरची आठवण येऊन रडू फुटलं, तेव्हा म्हणाले, "यल्ला, चल, रडायचं नंतर. आधी पेशंट." संध्याकाळी मात्र भाभींच्या हातची घावनं डब्यातून पाठवली.

एका सकाळी भाभी स्वयंपाकघरात कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. मुलगा मुंबईहून पोहोचेपर्यंत थांबायला डॉक्टर तयार नव्हते. त्याच दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. इथल्या कबरींवर नाव नसतं; उशाशी एक दगड, बस्स. आम्हा बायकांना आत जाता येत नव्हतं. फाटकाबाहेर आलेल्या डॉक्टरांचे हात मातीने भरले होते. "रडायचं नंतर," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

पुढच्या पावसानंतर भाभींच्या उशाशी अरफज आपोआप उगवला. डॉक्टर दर शुक्रवारी जाऊन येत. "रांग मोजावी लागत नाही, बाय," मला म्हणाले. "लांबूनच दिसते."

दोन वर्षांनी कब्रस्तानात साफसफाई झाली. सगळी झुडपं मुळासकट निघाली. डॉक्टरांनी तक्रार केली नाही. मात्र शुक्रवारी त्यांना परतायला उशीर होऊ लागला.

मग वयामुळे नोकरी संपली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला. मुलगा बोलावत होता. "तिला इथे कुणाच्या भरवशावर ठेवू?" एवढंच ते विचारत.

जायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर माझ्या नवऱ्याने कब्रस्तानापाशी गाडी थांबवली. डॉक्टर आत गेले. बऱ्याच वेळाने आले आणि मागच्या सीटवर बसले.

"नाही सापडली," ते म्हणाले. "सगळे दगड सारखे. शेवटी सगळ्यांनाच सलाम करून आलो. त्यात ती असेलच."