चंद्रकळेच्या पदरातला चुकलेला टाका

चन्नव्वा हुबळीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आली तीच मुळी धुमसत. लेक सहना बंगळूरहून आली आणि परस्पर वेळ ठरवून मोकळी झाली.

"अव्वा, माझ्या लग्नाच्या फोटोत ही सोडावॉटरच्या बाटलीची बुडं नकोत. आणि सारखा काढतेसच की तो चष्मा. मग पाहिजे कशाला?"

काढायची हे खरं. चन्नव्वाला लहानपणापासून लांबचं दिसत नव्हतं. पण चष्मा कपाळावर सरकवून कापड नाकाशी धरलं की एकेक धागा वेगळा दिसायचा. त्याच उघड्या डोळ्यांवर ती धारवाडात कसुतीचं भरतकाम करायची. कसुतीत नक्षी आधी काढून घेत नाहीत, गाठ मारत नाहीत. धागे मोजून सुई घालायची, आणि कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या उतरल्या पाहिजेत. लग्नात मुलीबरोबर आईच्या हातची काळी चंद्रकळा जाते. सासरच्या बायका आधी तिचा पदर उलटा करून बघतात, मग नवरीचं तोंड. सहनाचा पदर अर्धा भरून झाला होता. रिकामं बसवत नाही म्हणून चन्नव्वाने तो पिशवीतून इथेही आणला होता.

डॉक्टर पट्टणशेट्टी बाईंनी तपासता तपासता विचारलं, "अम्मा काम काय करतात?"

"काही नाही. घरीच असते," सहनाने सांगून टाकलं.

काही नाही! चन्नव्वाच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या सुईच्या टोकावर ही कारटी शिकून मोठी झाली, ते काही नाही? पण परक्यांसमोर तमाशा नको म्हणून तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"मग सोपं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लेझरने लांबचं स्वच्छ होईल. वयामुळे वाचायला मात्र चष्मा लागेल. तोही नको असेल तर एक डोळा लांबचा ठेवू, एक जवळचा. आधी भिंगं घालून बघा."

भिंगांची चौकट नाकावर चढली. चन्नव्वाला खिडकीतून रस्त्यापलीकडची पाटी वाचता आली. मग हातातलं वर्तमानपत्रही वाचता आलं. सहनाने टाळी वाजवली. "बघ अव्वा! दोन्ही चष्म्यांना रामराम!"

खोटं कशाला बोला, चन्नव्वालाही क्षणभर मोह पडला. भात वेळताना काचांवर वाफ धरते, त्याचा तिला भारी वैताग. तरी तिने पिशवीतून पदर काढला.

"हे काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही. मी घरीच असते ना!"

तिने सुई घातली. काळ्या कापडातले धागे एकात एक मिसळून गेले होते. अंदाजाने टाका ओढून तिने चौकट उतरवली आणि पदर नाकाशी धरला. सुईने मोजापेक्षा एक धागा जास्त ओलांडला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तो टाका निरखून बघितला आणि भिंगं पेटीत ठेवली. "अम्मा, हे आधी सांगायचं होतं. लेझर केलं की उघड्या डोळ्यांनी एवढं बारीक दिसणं गेलं, ते परत यायचं नाही. या कामाला मी करा म्हणणार नाही."

"तुम्ही विचारलंत हिला," चन्नव्वा म्हणाली. "डोळे माझे, ठरवणार ही, सांगणार ही. नाही करायचं मला."

बाहेर बाकावर बसून तिने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि त्या टाक्याच्या पुढून भरायला घेतलं. सहना मघापासून रडवेली झाली होती. "चुकले गं अव्वा. पण तेवढा टाका तरी उसव. सासूबाई पदर उलटा करून बघतील."

"बघू देत."

"हे कुणाचं काम म्हणून विचारतील ना!"

"मग सांग की," मान वर न करता चन्नव्वा म्हणाली. "आई काही करत नाही. घरीच असते."