अक्काच्या अंगणातली काचेची पेटी

डॉक्टरांनी अक्काचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "बीपी आहे, किडनीलाही जपायला हवं. मीठ जवळजवळ बंद करा."

अक्का हसली. "मीठ बंद करायचं म्हंजे पाणीच बंद कराय लागंल की, डॉक्टर."

अक्का माझी थोरली बहीण. दाजी कोल्हापुरात छापखान्यात होते. निवृत्त झाल्यावर ते दोघं रत्नागिरीपलीकडे, समुद्राकाठच्या त्यांच्या मूळ गावी राहायला गेले. तिथल्या विहिरीत आता समुद्राचं पाणी झिरपतं. पावसाळ्यात ते चालून जातं, पण होळी झाली की चूळसुद्धा भरवत नाही. टँकर येईल त्या दिवशी खरा.

माझं उचगावला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करायचं दुकान आहे. काच, पत्रा, सिलिकॉन सगळं हाताशी. उन्हावर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायची पेटी मी मोबाईलवर बघितली होती. तीन फूट लांब-रुंद ट्रे केला, आतून काळा रंगवला, वर तिरकी काच बसवली. ऊन लागलं की पाण्याची वाफ होते, काचेला चिकटते, ओघळून खालच्या पन्हाळीत येते आणि मीठ ट्रेमध्येच राहतं. बादलीभर पाण्यात खडेमीठ कालवून पेटी दुकानाच्या गच्चीवर ठेवली. दुपारपर्यंत नुसती काच धुरकटलेली. मग पहिला थेंब पडला. संध्याकाळी तांब्याभर पाणी जमलं होतं. मी ते एकटाच उभ्यानं प्यायलो. त्याला कसलीच चव नव्हती, आणि मला तेवढ्यानं भरून आलं.

पुढच्या रविवारी पेटी गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातली, मलकापूरवरून आंबा घाट उतरलो आणि अक्काच्या अंगणात ती बसवली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना दोन लिटर निघालं. "हे फकस्त तुझं," मी अक्काला बजावलं. "दाजी टँकरचं पितील." दाजींनीही मान डोलावली.

त्यानंतर मी रोज फोन करायचो. "आज किती?"

"झालं की दोन लिटर."

"सगळं प्यालीस?"

"व्हय रं बाबा."

महिन्यानं ती दाजींबरोबर तपासणीसाठी कोल्हापूरला आली. स्टँडवर एसटीतून उतरली तेव्हा चपलेचे पट्टे सुजलेल्या पावलांत रुतले होते. मला कळेना. घरी आल्यावर ती आत गेल्याचं बघून दाजी हळूच म्हणाले, "अरे, ती कुठं पितीय? शेजारची सून बाळंत झाली. पेटीचं पाणी रोज तिकडं जातं. मी बोललो तर मलाच गप करते."

माझं डोकं फिरलं. आत जाऊन म्हणालो, "अक्का, मी ते कुणासाठी केलंतं? फोनवर खोटं बोलत हुतीस व्हय?"

ती भाजी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "भिंतीला भिंत हाय. ती वली बाळंतीण मचूळ पाणी पितीया, आन् तिच्यासमोर मी चांगलं पिऊ? तू पिला असतास?"

मला हो म्हणता आलं नाही. नाही म्हणालो असतो, तर ती जिंकली असती. मग म्हणालो, "हितंच ऱ्हावा दोघं. वरची खोली मोकळी हाय."

"त्यांस्नी हितं करमंना म्हणून तर गेलोय न्हवं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. चार दिवसांनी ती दोघं परत गेली.

मी आणखी दोन पेट्या केल्या. गिऱ्हाइकांच्या खिडक्या मागं पडल्या, बोलणी खाल्ली. पेट्या पोचवल्या त्याच आठवड्यात तिकडं ढग यायला लागले. ऊन नाही म्हटल्यावर तिन्ही मिळून कळशीचं बूडसुद्धा भरेना. आणि तेवढ्यात पलीकडच्या घरातली म्हातारी विचारून गेली, आम्हाला घोटभर मिळंल का म्हणून.

काल फोन केला. अक्का सांगत होती, एका पेटीचं बाळंतिणीला, एका पेटीचं म्हातारीला.

"आन् तिसरीचं?"

"तिची काच जरा गळतीया."

"मग तू काय पितीस, अक्का?"

तिनं उलट मलाच विचारलं, "जेवलास का तू?"

"व्हय," मी म्हणालो. "जेवलो."