डॉक्टरांची द्राक्षवेल

बाळांनो, आपल्या शेजारचा बंगला परवा पाडायला घेतला. तिथे राहणारे डॉक्टर तुम्ही पाहिलेले नाहीत, आणि आता त्यांचं घरही दिसणार नाही. म्हणून आजच लिहून ठेवते.

जयपूरच्या थंडीशी भाऊबंदकी असल्यासारखा भांडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे हे डॉक्टर. पन्नासचं दशक सरत आलं होतं. नाशिककडचे हे गृहस्थ सरकारी इस्पितळात बदलून आले, तेव्हा सामानात दोन ट्रंका होत्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाची एक काडी. वडिलांची बाग भावांनी विकली होती, नव्या मालकाने वेली उपटून ऊस लावला होता. त्या बागेतली एवढीच काडी उरली होती.

काडीची वेल झाली. रोज सकाळी तिला "काय म्हणते तब्येत?" असं विचारून मगच डॉक्टर पेशंटांकडे जात. मांडवाला थर्मामीटर टांगलेला असे. आमच्याकडे चहाला आले तरी नजर खिडकीबाहेर. "वहिनी, आभाळ निरभ्र आहे, रात्री पारा उतरणार. लक्षण ठीक नाही!"

त्यांचा हट्ट एकच. नाशिकला छाटणी दिवाळीच्या सुमारास होते, म्हणून जयपुरातही तेव्हाच करायची. वेल बिचारी आज्ञाधारक, ती कोवळे फुटवे काढी. आणि पौषात दहिवर गोठलं की एका पहाटेत सगळे उकडलेल्या पालकासारखे काळे! आमचा माळीभैया दरवर्षी सांगे, "डॉक्टरसाब, बेल को सर्दी में सोने दो. माघ में काटना."

"भैया, हमारे नाशिक में सब दिवाली के आसपास काटते हैं."

"तो सर्दी भी नाशिक से मँगवा लो, साब!"

पण ऐकतील तर ते डॉक्टर कसले? संध्याकाळी मुळांना पाणी, पहाटे ओल्या पाल्याचा धूर आणि मांडवावर घरातल्या झाडून साऱ्या रजया. ऐन पौषात त्यांच्या सासूबाई राहायला आल्या, त्या दोन चादरी पांघरून कुडकुडत बसल्या. बायको कडाडली, "आईला एक रजई नाही आणि वेलीला चार?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आईंना शेगडीजवळ सरकता येतं. वेलीला येतं का?"

एका पहाटे धूर इतका झाला, की समोरचे शेठजी "आग! आग!" ओरडत बादली घेऊन धावले, शेकोटी विझवली, रजया भिजवल्या आणि डॉक्टरांची पाठ थोपटून परत गेले. त्या दिवशी थंडीने वेल पार जळाली. मी चहा घेऊन गेले, तर डॉक्टर उकिडवे बसून खोडाची साल नखाने खरवडत होते. अगदी जमिनीलगत बोटभर हिरवं लागलं. "नाडी लागतेय, वहिनी," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या दिवाळीला त्यांनी कात्री काढलीच नाही. माघात ती माळीभैयाच्या हाती दिली आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. फाल्गुनात काड्यांवरचे डोळे फुटले. होळीच्या आधी एका संध्याकाळी अवेळी थंडी परतली. वारा पडला, आभाळ लख्ख झालं. डॉक्टर आमच्या दारात येऊन नुसते उभे. तुमच्या आजोबांनी काही न विचारता पलंगावरची रजई उचलली. शेठजीही दोन घेऊन आले. "इस बार पानी नहीं डालूँगा, डॉक्टरसाब."

सकाळी गवतावर पांढरा थर होता. रजयांखाली फुटवे हिरवेगार होते.

ज्येष्ठात सहा घड आले. चांगलेच आंबट होते. डॉक्टरांनी ते सगळ्या गल्लीत वाटले. "अगदी बाबांच्या बागेतली चव," म्हणाले. कुणी वाद घातला नाही.

मग त्यांची बदली झाली. वेल न्यायची का, असं मी विचारलं. "नको. आता इथली हवा तिला मानवली आहे," म्हणाले, आणि चार घरी काड्या लावून देऊन गेले. काही वर्षं दिवाळीला पत्र येई, पुढे तेही थांबलं. नव्या भाडेकरूंनी मांडव काढला.

चार काड्यांतली आमची जगली. मागच्या अंगणात, नळाजवळ आहे. यंदाही माघातच छाटली.