ड्रॉपरला फिनेलचा वास

सकाळपासून आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. कोंबड्यांच्या शेडमधला भपका डोळ्यांना झोंबत होता आणि ओलं तूस पायांना चिकटत होतं. थेंबवालीने नाकातोंडाला फडकं बांधलं. बावीस वर्षं ती पिल्लांच्या डोळ्यांत लसीचे थेंब टाकत आली, पण या घाणीशी तिचं कधी जमलं नाही.

शेड धाकट्या दिराची. मागच्या खेपेला लसीचे थेंब घालून झाल्यावरही मानमोडीची साथ आली आणि दोन हजार पिल्लं माना वाकड्या करून मेली. वहिनीचा हातच वाईट, असं दिराने चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून जाऊ तिच्याशी धड बोलत नव्हती. आज तीच जाऊ मुकाट्याने एकेक पिल्लू हातात देत होती. थेंबवाली आली होती ती आपल्या हातावरचा हा डाग पुसायला.

चारशे पिल्लं झाली. घाम पुसायला तिने फडकं खाली ओढलं, तर ड्रॉपरला फिनेलचा वास.

विचारल्यावर दीर कौतुकाने सांगू लागला, की स्वच्छतेत आपण कसूर करत नाही; काल संध्याकाळी तिने इथे ठेवलेली रिकामी बाटली आणि ड्रॉपर त्याने रात्रभर फिनेलमध्ये बुडवून ठेवले होते. मागच्या खेपेलाही ठेवले होते.

लस जिवंत असते, फिनेलने ती मरते. म्हणजे मागच्या वेळी त्या दोन हजार पिल्लांच्या डोळ्यांत तिने नुसतं पाणी घातलं होतं.

दीर दात कोरत म्हणाला, "पिल्लांना काय कळतंय, वहिनी? थेंब पडल्याशी कारण. उरका."

त्याच्या त्या काडीकडे बघून तिला शिसारी आली. तिने बाटली गटारात उपडी केली.

"बर्फात दुसरी बाटली आहे, भावोजी. पण मागची पिल्लं कुणाच्या हाताने मेली, ते आधी हिला सांगा."

तो तुसाकडे बघत पुटपुटला, "धुतलं मीच होतं."

जाऊने नवऱ्याकडे पाहिलं ते खरकट्या ताटाकडे पाहावं तसं. मग उठून साधं पाणी उकळायला ठेवलं.

थेंबवालीला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही, शिसारी तेवढी राहिली. ड्रॉपर उकळून गार झाला तसं तिने फडकं बांधलं, ती चारशे पिल्लं पुन्हा थेंब घालण्यासाठी अलीकडे घ्यायला लावली आणि पहिलं पिल्लू मुठीत धरलं.